गाजर, किसणी आणि फोडणी

गाजराचा हलवा करून झाला की प्लॅस्टिकच्या किसणीवर किंवा मिक्सरच्या झाकणावर केशरी डाग उरतो. साबण लावा, घासा, गरम पाण्यात भिजत ठेवा, तो जात नाही. मग घरातली एखादी जाणती बाई त्यावर तेलाचे बोट फिरवते आणि डाग फडक्यावर उतरतो. गाजराबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट या घरगुती युक्तीत आहे. गाजराचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. आणि तो रंग हेच गाजराचे मुख्य पोषण. जो रंग किसणीवरून तेलाशिवाय सुटत नाही, तो पोटातही तेलाशिवाय फारसा सुटत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, गाजर सध्या ‘डाएट’च्या डब्यात जाऊन बसले आहे. कच्च्या गाजराच्या लांब फोडी, वर चिमूटभर मीठ, तेलाचा थेंब नाही. चावायला चांगले, तंतूही मिळतात आणि भूकही भागते. पण ज्या जीवनसत्त्वासाठी गाजराचे नाव घेतले जाते, ते अशा डब्यातून मिळते किती?

हाइनरिश वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये गाजराच्या रसातून हे रंगद्रव्य वेगळे काढले. गाजराच्या लॅटिन नावावरूनच त्याला कॅरोटिन म्हणतात. त्याची नेमकी रचना सांगणारे पॉल कारर यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या आतड्याच्या अस्तरातील एक विकर बीटा कॅरोटिनचा रेणू मधोमध तोडते आणि त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. डोळ्याच्या पडद्यावरील, मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींना ते लागते. त्वचेला, श्वसनमार्गाच्या अस्तराला आणि रोगप्रतिकारशक्तीलाही लागते.

१०० ग्रॅम गाजरात, म्हणजे मध्यम आकाराच्या दीड गाजरात, साधारण ८ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन असते. त्याचे रूपांतर धरले तर सुमारे ८०० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व होते. भारतीय स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला ८४० मायक्रोग्रॅमची. म्हणजे दीड गाजर खाल्ले की दिवसाचे काम झाले, असे कागदावर दिसते. कागद आणि पोट यांच्यामध्ये मात्र स्वयंपाकघर उभे असते.

स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगशाळेत पचनाची नक्कल केली आणि गाजरातले किती कॅरोटिन मोकळे होते ते मोजले. कच्च्या गाजराच्या तुकड्यांतून सुटले फक्त ३ टक्के. तेच कच्चे गाजर अगदी बारीक वाटून घेतले तेव्हा २१ टक्के. वाटलेला लगदा शिजवला तेव्हा २७ टक्के. आणि शिजवलेल्या लगद्यात तेल घातले तेव्हा ३९ टक्के. ही नळीतल्या पचनाची गोष्ट झाली, माणसाच्या पोटाची नव्हे. पण दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात माणसांवर मोजणी झाली, तेव्हाही वाटून शिजवलेल्या गाजरातले कॅरोटिन चिरलेल्या कच्च्या गाजरापेक्षा बरेच जास्त शोषले गेले होते.

कारण साधे आहे. कॅरोटिन गाजराच्या पेशींत स्फटिकांच्या रूपात बंद असते आणि त्या पेशींच्या भिंती चिवट असतात. दात त्यांतल्या थोड्याच फोडतात. किसणी जास्त फोडते, मिक्सर त्याहून जास्त. उष्णतेने भिंतींमधले पेक्टिन सैल होते. एवढे होऊनही मोकळा झालेला रंग पाण्यात तरंगणारच. त्याला आतड्याच्या अस्तरापर्यंत वाहून नेण्यासाठी स्निग्धांशाची होडी लागते. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये काही जणांना गाजर, पालक, टोमॅटो घातलेले सॅलड वेगवेगळ्या ड्रेसिंगसह दिले आणि नंतर त्यांचे रक्त तपासले. ड्रेसिंगमध्ये तेल अजिबात नव्हते तेव्हा कॅरोटिनवर्गातली द्रव्ये रक्तात जवळजवळ पोचलीच नव्हती.

आता आपली गाजराची कोशिंबीर पाहा. गाजर किसलेले. दाण्याचे कूट दोन मोठे चमचे, म्हणजे सहा-सात ग्रॅम स्निग्धांश त्यातच आला. वर मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची चमचाभर तेलाची फोडणी. एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्निग्धांश असला तरी कॅरोटिनचे काम भागते. कोशिंबिरीत तो त्याहून जास्तच असतो. ज्या कुणी ही कोशिंबीर पहिल्यांदा केली, तिच्या डोक्यात जीवनसत्त्व नव्हते, चव होती. ‘फोडणी नको, तेल नको’ असे म्हणून कोशिंबिरीचे सॅलड करताना आपण नेमका उपयोगाचा भाग काढून टाकतो. मीठ मात्र वाढताना घालावे, नाहीतर किसाला पाणी सुटते. थालीपीठ किंवा पराठा करायचा असेल तेव्हा मीठ आधीच लावावे आणि सुटलेल्या त्या पाण्यातच पीठ भिजवावे. फोडणीत जिरे घातले तर गाजराला ते जास्तच जवळचे वाटते. त्यात नवल नाही. जिरे, धने, ओवा, बडीशेप आणि गाजर ही सगळी एकाच वनस्पतिकुळातली भावंडे.

भोगीची भाजी हे याचेच मोठे रूप. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाजर, वांगी, पावटे, घेवडा, ओला हरभरा अशी थंडीतली सगळी पैदास एका कढईत येते. तीळ आणि दाण्याचे कूट घालून ती शिजते आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर, लोण्याचा गोळा घेऊन खाल्ली जाते. गाजराला याहून चांगली सोबत मिळणे अवघड. स्निग्धांश त्याच पदार्थात असायला हवा असेही नाही, त्याच जेवणात असला तरी पुरते. गाजर-मटाराच्या भाजीत तेल बेताचेच असेल आणि पोळीवर तूप असेल, तरी हिशेब जुळतो.

शिजवताना एक काळजी घ्यावी. कॅरोटिन पाण्यात जात नाही, पण ‘क’ जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि गाजराचा स्वतःचा गोडवा जातो. उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा कढईवर झाकण ठेवून, झाकणात पाणी घालून, वाफेवर शिजवण्याची आपली पद्धत केव्हाही चांगली. सांबार किंवा सूप असेल तर प्रश्नच नाही, पाणीही पोटातच जाते. तळणीत मात्र उलटे होते. गाजराचा रंग कढईतल्या तेलात उतरतो आणि तेल तिथेच राहते.

हे सगळे केवळ चविष्टपणाचे प्रकरण नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. या कमतरतेची पहिली ओळख म्हणजे रातांधळेपणा. ती वाढली तर बुबुळाला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. तो चुकवू नये, गाजर हा त्याला पर्याय नव्हे. पण ज्या घरात तेल मोजूनमापून वापरावे लागते, तिथे मुलाच्या वाट्याच्या भाजीवर अर्धा चमचा तेल अधिक पडले तर त्याच भाजीतून त्याला जास्त मिळते. शेवग्याचा पाला, मेथी, तांबडा भोपळा यांनाही हीच गोष्ट लागू. गाजर महाग असेल तेव्हा हीच मंडळी कामाला येतात.

हलव्याकडे वळू. थंडीत उत्तरेकडून येणारी लालबुंद गाजरे हलव्याला उत्तम, कारण ती रसाळ आणि गोड असतात. त्यांचा लाल रंग बराचसा लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोत असते त्याच द्रव्याचा. लायकोपीन उपयुक्त आहे, पण त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व होत नाही. लाल गाजरात कॅरोटिनही असतेच. तरी जीवनसत्त्वाच्या हिशेबाने वर्षभर मिळणारे केशरी गाजर हलक्यात घेऊ नये.

किसणे, तुपावर परतणे, दुधात मंद आचेवर शिजवणे. स्वीडनच्या प्रयोगातल्या सगळ्या पायऱ्या हलव्यात ओळीने येतात. तूप सुटू लागले की ते केशरी दिसते, तेच डोळ्यांना दिसणारे कॅरोटिन. पोषणाच्या दृष्टीने हलव्याची अडचण गाजरात नाही, साखरेत आहे. १ किलो गाजर, १ लिटर दूध, पाव किलो साखर आणि चार मोठे चमचे तूप असा साधा घरगुती हलवा केला आणि त्याच्या दहा वाट्या झाल्या, तर प्रत्येक वाटीत १०० ग्रॅम गाजर आणि २५ ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. म्हणजे एका वाटीत ती संपली. गाजर चांगले लाल असेल आणि दूध धीराने आटवले असेल, तर साखर १५० ग्रॅमवर आणता येते. दूध आटताना त्याची स्वतःची साखर घट्ट होते आणि गाजराचा गोडवाही वर येतो. साखर शेवटीच घालावी आणि घालण्यापूर्वी चाखून पाहावे. घाईने खवा आणि साखर ओतून केलेल्या हलव्यात हा गोडवा कळतच नाही.

गाजर केकची कथा थोडी वेगळी आहे. युरोपात गाजर घालून गोड पुडिंगे करण्याची रीत जुनी, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तिला जोर आला. जानेवारी १९४० पासून तिथे साखरेचे रेशनिंग सुरू झाले, गाजर मात्र मुबलक होते. अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचे व्यंगचित्रातले पात्रच तयार केले आणि गाजराने गोडवा आणायच्या पाककृती घरोघरी पोचवल्या. त्याच काळात जॉन कनिंगहॅम हा वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडतो तो गाजरे खाऊन, असा प्रचार झाला. खरे कारण होते विमानात बसवलेले रडार, आणि ते लपवायचे होते. ज्याला जीवनसत्त्वाची कमतरता नाही त्याला जास्त गाजर खाऊन अंधारात जास्त दिसत नाही. ही समजूत तेवढी आजवर टिकून आहे.

घरच्या केकमध्ये गाजराचे खरे काम ओलाव्याचे. त्यात ८८ टक्के पाणी असते, ते भाजताना हळूहळू सुटते आणि केक दोन-तीन दिवस मऊ राहतो. म्हणून कीस पिळू नये, त्याऐवजी दूध कमी घालावे. बारीक किसलेले गाजर केकमध्ये मुरते, जाड कीस दाताखाली कचकचतो. कणकेचा केकही चांगला होतो. पण २०० ग्रॅम गाजराच्या केकचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात गाजर येते २० ग्रॅम, आणि साखर सहज १५ ग्रॅम. ‘गाजर आहे म्हणून पौष्टिक’ ही जाहिरातीची भाषा झाली. तो केक आहे, केक म्हणून खावा. ओव्हन गरम करायचाच असेल तर हांडवोसारख्या खाऱ्या पदार्थात गाजराला जास्त जागा मिळते. डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठात निम्म्याने कीस, तीळ-मोहरीची फोडणी, साखर जवळपास नाही. ओव्हन नसेल तर तेच पीठ आप्पेपात्रात घालावे.

मधुमेही माणसे गाजराला घाबरतात. १९८१ च्या पहिल्या ग्लायसेमिक निर्देशांकाच्या तक्त्यात गाजराला ९२ हा भयंकर आकडा मिळाला होता, त्याचा हा परिणाम. नंतरच्या मोजण्यांत तो निम्म्याच्या आसपास आला. शिवाय १०० ग्रॅम गाजरात साखर जेमतेम ५ ग्रॅम. भाजी-कोशिंबिरीतले गाजर त्यांनी जरूर खावे, हलव्याचा विचार वेगळा करावा.

बाळाला रोज गाजराची पेज देणाऱ्या आईला कधीतरी त्याचे तळहात-तळपाय पिवळे दिसतात आणि घरात कावीळ म्हणून धावपळ होते. रोज ग्लासभर गाजराचा रस पिणाऱ्या मोठ्यांचेही असे होते. कावीळ असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. गाजराच्या पिवळेपणात तो पांढराच राहतो. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावे, पण निदान गाजराचेच निघाले तर गाजर कमी केले की काही आठवड्यांत रंग उतरतो. शरीर अन्नातल्या कॅरोटिनचे गरजेपुरतेच जीवनसत्त्व करते. गोळ्यांची गोष्ट निराळी. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

बाजारातून पाल्यासकट जुडी आणली तर पाला लगेच काढावा, तो गाजरातले पाणी ओढून घेतो. मऊ पडलेली गाजरे तासभर गार पाण्यात ठेवली की पुन्हा ताठ होतात. फ्रिजमध्ये ती सफरचंदांशेजारी ठेवू नयेत. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजरे कडवट होतात, आणि तो कडवटपणा कितीही साखर घातली तरी हलव्यात लागतोच.