अथेन्सची सोडत

अथेन्सच्या लोकशाहीचा विषय निघाला की डोळ्यांपुढे मतदान येते: प्निक्स टेकडीवर जमलेले नागरिक, वक्त्यांची भाषणे, वर झालेले हात. हे चित्र खरे आहे, पण अर्धेच. कायदे आणि युद्ध-तहाचे निर्णय जनसभेत हात वर करून होत; कारभार हाकणारी बहुतेक माणसे मात्र मतांनी निवडलीच जात नसत. त्यांची नावे सोडतीतून निघत. इ.स.पू. चौथ्या शतकात नागरिक पुरुष तीस हजारांच्या आसपास होते. त्यांच्यातून पाचशे जणांची परिषद धरून दरवर्षी सुमारे १,१०० जागा सोडतीने भरल्या जात आणि निवडणुकीने जेमतेम शंभर, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सोडत लोकशाहीची आणि निवडणूक मूठभरांच्या सत्तेची खूण समजली जाते, असे ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’ ग्रंथात नोंदवले आहे. आपल्याकडे सोडत म्हटली की म्हाडाची घरे आठवतात किंवा महापौरपदाचे आरक्षण. निवडणुकीत तर दोन उमेदवारांची मते अगदी समसमान झाली तरच चिठ्ठी टाकायची वेळ येते. अथेन्सने सुरुवातच तिथून केली. पैसा, घराणे आणि वक्तृत्व यांची पकड पदांवर बसू नये म्हणून विचारपूर्वक घडवलेली ती यंत्रणा होती, आणि ती कुठे वापरायची नाही हेही त्या लोकांना नेमके कळत होते, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप जुना आहे. फ्रेंच इतिहासकार फ्युस्टेल द कुलांज याने १८६४ साली मांडले की प्राचीन लोक सोडतीकडे देवाचा कौल म्हणून पाहत. म्हणजे तिच्यामागे श्रद्धा होती, राजकीय विचार नव्हता. सोडतीची मुळे धार्मिक असतीलही. पण देवाने निवडलेल्या माणसाची कोणी उलटतपासणी घेत नाही, आणि अथेन्समध्ये ती कसून घेतली जाई. सोडतीत नाव निघालेल्याला पद हाती घेण्यापूर्वी जाहीर चौकशीला सामोरे जावे लागे. आईवडील कोण, घराण्याच्या थडग्यांची जागा कुठे, आईवडिलांना नीट सांभाळतोस ना, कर भरलास का, लढाईवर गेलास का, असे प्रश्न विचारले जात आणि कोणाही नागरिकाला उठून हरकत घेता येई. वर्ष संपले की पैशाचा हिशेब द्यायचा, चुकल्यास खटला. देवाच्या कौलाला हिशेबतपासनीस कशाला लागतो? परिषदेवर आयुष्यात दोनदाच बसता येई. परिषदेचा रोजचा अध्यक्षही चिठ्ठीनेच ठरे. तो एक रात्र आणि एक दिवस पदावर राही. तेवढ्या वेळात खजिना व दप्तर असलेल्या मंदिरांच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर त्याच्याजवळ असे. हा मान पुन्हा मिळत नसे. नागरिकांच्या दहा गणांपैकी एकेका गणाचे पन्नास सदस्य वर्षाचा दहावा हिस्सा कामकाज पाहत, म्हणजे त्यांतल्या पस्तीस-छत्तीस जणांना एकेक दिवस नगराचे प्रमुखपद मिळे. कुणालाही सत्तेवर मांड ठोकता येऊ नये, हाच हिशेब यात सरळ दिसतो.

न्यायालयांची व्यवस्था पाहिली की हा हेतू आणखी उघड होतो. ती आपल्याला कळते ती ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ या ग्रंथामुळे. ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या शिष्यवर्गाच्या नावावर असलेला हा ग्रंथ इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक मासलेवाईक नोंद आहे. ॲनिटस नावाचा सेनापती पायलॉसचे ठाणे गमावल्याबद्दल खटल्यात सापडला आणि पंचांना लाच देऊन सुटला. ही वाट त्यानेच पहिल्यांदा दाखवली. (पुढे सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्यांतही हाच ॲनिटस होता.) चौथ्या शतकात या रोगावर जो उपाय केलेला दिसतो तो म्हणजे सोडतीचे यंत्र. दगडाच्या उभ्या शिळेत ओळीने खाचा, बाजूला एक नळी. पंच होऊ इच्छिणारे सकाळी आपल्या नावाची पट्टी देत. पट्ट्या खाचांत बसवल्या जात. नळीतून एकेक काळा किंवा पांढरा ठोकळा खाली पडे. पांढरा पडला की पट्ट्यांची ती आडवी ओळ आत, काळा पडला की घरी. निवडल्या गेलेल्याला कोणत्या न्यायालयात बसायचे हेही पुन्हा चिठ्ठीने कळे, आणि त्या न्यायालयाच्या चौकटीच्या रंगाची काठी हातात मिळे, म्हणजे भलत्याच दारात शिरायला नको. कोणता खटला कोणत्या शेकडो पंचांपुढे जाणार हे त्या सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. मग लाच द्यायची कुणाला? गंमत म्हणजे विद्वान बराच काळ ग्रंथातल्या या वर्णनाचा अर्थ सोडतीच्या खोल्या असा लावत होते. १९३० च्या दशकात स्टर्लिंग डाउ या अमेरिकी अभ्यासकाने खाचांच्या शिळांशी तो मजकूर जुळवला, तेव्हा कोडे सुटले.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो सॉक्रेटिसच्या नावावर आहे: जहाजाचा सुकाणूधारी किंवा घर बांधणारा कोणी चिठ्ठी टाकून निवडत नाही, मग राज्यकर्ता कसा निवडता? पण अथेन्सनेही सुकाणू चिठ्ठीवर सोडले नव्हते. दहा सेनापती दरवर्षी मतांनी निवडले जात आणि त्यांना कितीही वेळा उभे राहता येई. पेरिक्लीस ओळीने पंधरा वर्षे निवडून आला. जिथे कसब लागते तिथे निवडणूक. बाजारातली मापे तपासणे, रस्त्यांची देखरेख, सभेची विषयपत्रिका तयार करणे अशी कामे साधारण शहाण्या माणसांकडे, तीही बहुधा दहा-दहांच्या मंडळांकडे. शिवाय अथेन्सचे सर्वांत महागात पडलेले निर्णय पाहावेत. इ.स.पू. ४१५ ची सिसिलीची मोहीम जनसभेने वक्त्यांच्या भरीला पडून हाती घेतली. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसेची लढाई जिंकणाऱ्या सहा सेनापतींना एका ठरावानिशी मृत्युदंड दिला, तोही जनसभेनेच. त्या वेळी ठराव बेकायदा आहे म्हणून मताला टाकण्यास विरोध करणारा परिषदेचा सदस्य खुद्द सॉक्रेटिस होता, आणि त्या जागेवर त्याला सोडतीनेच बसवले होते.

अर्थात त्याला इ.स.पू. ३९९ मध्ये दोषी ठरवणारे पाचशेच्या आसपास पंचही सोडतीचेच. मतांचा फरक थोडाच होता, तरी निकाल तो निकाल. सोडतीने शहाणपण येत नाही. ज्या पेटीतून चिठ्ठी निघायची त्या पेटीत स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे परके यांची नावे नव्हतीच, हे तर आहेच. आणखी एक दुखणे कमी बोलले जाते. इ.स.पू. ४८७ पासून आर्कन हे सर्वोच्च पद सोडतीने भरले जाऊ लागले आणि लवकरच त्याचे वजन गेले. सत्ता सेनापती आणि वक्ते यांच्याकडे सरकली. डेमोस्थेनीस या वक्त्याचा दबदबा कुठल्या पदामुळे नव्हता. म्हणजे प्रभावी माणसे संपली नाहीत, फक्त प्रभावाला कायमची खुर्ची मिळेना. माझ्या लेखी हेही थोडे नाही, कारण शेजारी रोमचे उदाहरण आहे. तिथे सोडत होती ती कोणत्या अधिकाऱ्याने कोणता प्रांत सांभाळायचा असल्या वाटणीपुरती, पदे निवडणुकीची. कॉन्सल हे सर्वोच्च पद पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांतच फिरत राहिले, आणि मतांच्या खरेदीविरुद्ध कायद्यामागून कायदे करावे लागले: इ.स.पू. ६७ मध्ये एक, आणि चारच वर्षांनी खुद्द सिसेरोने आणलेला दुसरा, आणखी कडक.

अथेन्समध्ये सोडतीला खरा अर्थ आला तो भत्त्यामुळे. दिवस बुडवून गरीब माणूस पंच म्हणून बसणार कसा? पेरिक्लीसने पंचांना रोजचे दोन ओबोल (चांदीची छोटी नाणी) सुरू केले, पुढे क्लेऑन या पुढाऱ्याने तीन केले. श्रीमंतांना हा भत्ता फार खुपे, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता: भत्ता गेला की चिठ्ठी आपोआप खात्यापित्या घरांतच फिरणार. इ.स.पू. ४११ मध्ये चारशे जणांच्या कटाने लोकशाही उलथली, तेव्हा त्यांनी प्रथम भत्तेच बंद करण्याचे ठरवले. मग ते कपड्यांत खंजीर लपवून परिषदेच्या सभागृहात शिरले. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की त्यांनी सोडतीने आलेल्या सदस्यांना उरलेल्या मुदतीचा भत्ता बाहेर पडता पडता हातावर मोजून दिला आणि घरी जायला सांगितले. कुणी विरोध केला नाही. त्यानंतर आपले अध्यक्ष नेमायला मात्र त्या चारशे जणांनी आपसांत चिठ्ठ्याच टाकल्या.