वारंवार जळणारा सर्वो : दोष मालाचा की वापराचा?

बाजारातली ही जुनी रीत आहे. माल परत आला की दुकानदार गिऱ्हाइकाकडे बोट दाखवितो, गिऱ्हाईक दुकानदाराकडे, आणि शेवटी दोघे मिळून कारखानदाराला नावे ठेवतात. खरा दोष मात्र जिथल्या तिथे राहतो आणि पुन्हा नुकसान करतो.

आमचा मूळ धंदा कापडाचा. दुकानाच्या एका कोपऱ्यात घरच्या मुलांनी रिमोटवर चालणाऱ्या मोटारी व त्यांच्या सुट्या भागांचा जोडधंदा मांडला, त्यामुळे या मालाशी आमचा संबंध आला. एके दिवशी एका तरुण गिऱ्हाइकाने दीड महिन्यातला तिसरा जळालेला सर्वो आमच्या गल्ल्यावर आणून ठेवला. पहिला आम्ही बदलून दिला होता, दुसऱ्याचे पैसे त्याने निमूटपणे भरले होते. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “चाचा, तुम्ही डुप्लिकेट माल विकता.” तीस वर्षांच्या दुकानदारीत हे वाक्य ऐकण्याची आम्हाला सवय नव्हती. तेव्हा ठरविले की या प्रकरणाच्या मुळाशी जायचे.

सर्वो म्हणजे काय?

क्रॉलर ही वेगाने पळणारी मोटार नव्हे. दगडधोंड्यांवरून, खड्ड्यांतून हळूहळू चढणे हे तिचे काम. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या क्रॉलर विशेष खपतात. अॅक्सियल कंपनीची एससीएक्स-१० मालिका आणि २०१७ साली आलेली ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ ही नावे शौकीन मंडळी जाणतात. पकड मिळावी म्हणून अशा गाड्यांत बहुधा एका अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधलेली असतात. त्यामुळे दगडात अडकलेले चाक वळविण्यासाठी फार जोर लागतो. तो जोर लावणारा यंत्राचा भाग म्हणजे स्टिअरिंगचा सर्वो.

सुमारे चार सेंटिमीटर लांबीच्या त्या डबीत एक छोटी मोटर, गिअरची माळ, वळणाचे माप सांगणारे पोटेन्शिओमीटर आणि एक सर्किट असते. रिसीव्हरकडून साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा इशारा येतो. १.५ मिलिसेकंद म्हणजे चाक सरळ. जितके वळण सांगितले तितके पूर्ण होईपर्यंत सर्किट मोटरला ढकलत राहते. हा हुकमाचा बंदा आहे. पुढे रस्ता आहे की भिंत, हे तो विचारीत नाही.

जळतो का?

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे चटकन समजेल. यंत्रमागाच्या मोटरची एक फेज गेली की ती नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि वेळीच बंद केली नाही तर वाइंडिंग जळते. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून विजेला आवर घालते. थांबलेल्या मोटरला तो आवर राहात नाही. सर्वोचेही तसेच. मागाच्या मोटरला निदान ओव्हरलोड रिले तरी असतो, पुष्कळशा सर्वोंना तोही नसतो.

हिशेब करून पाहू. समजा सर्वोच्या मोटरचा रोध १.५ ओहम आहे. ६ व्होल्टवर ती अडली तर ४ अँपिअर प्रवाह, म्हणजे २४ वॅट उष्णता त्या एवढ्याशा डबीत. तोच सर्वो ७.४ व्होल्टवर चालविला तर उष्णता जवळजवळ दीडपट होते, आणि ८.४ व्होल्टवर जवळजवळ दुप्पट. वाइंडिंगचा लेप किती वेळ टिकणार?

आधी निदान, मग खरेदी

चालत नाही तो प्रत्येक सर्वो जळालेलाच असतो असे नाही. चांगला चालणारा दुसरा सर्वो रिसीव्हरच्या त्याच जागी लावून पाहावा. तोही हलला नाही तर दोष रिसीव्हरचा किंवा वीजपुरवठ्याचा. जुन्यात मोटरचा आवाज येतो पण दांडी फिरत नाही, तर गिअरचे दात तुटले असावेत. अनेक सर्वोंचे गिअर सुटे मिळतात, पूर्ण सर्वो घेण्याची गरज नाही. दांडी एकाच बाजूला जाऊन तिथेच अडून बसते, तर पोटेन्शिओमीटर किंवा सर्किट बिघडले असण्याचा संभव. आवाज नाही, हालचाल नाही आणि करपलेला वास येतो, तर मात्र तो जळाला असे समजावे.

नवा सर्वो बसविण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१) सर्वोची जोडदांडी काढून चाके हाताने दोन्ही टोकांपर्यंत वळवावीत, स्प्रिंग दाबूनही वळवून पाहावीत. कुठे अडले तर आधी ते दुरुस्त करावे.

२) रिमोट आणि गाडी चालू करून सर्वो मध्यावर आला की मगच त्यावर दांडी बसवावी. दांडीचे दात जुळले पाहिजेत. फुटाबा पद्धतीला २५ दात असतात, हायटेकला २४. जबरदस्तीने ठोकू नये. छोट्या दांडीने वळण कमी मिळते पण जोर जास्त मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

३) सर्वांत महत्त्वाचे : रिमोटवरील वळणाची हद्द, जिला एंड पॉइंट म्हणतात. चाक यांत्रिक टोकाला टेकल्यावरही सर्वो ढकलीत असेल तर तो सतत गुणगुणतो. गुणगुण थांबेपर्यंत ही हद्द कमी करावी. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासावी.

४) सर्वोवर लिहिलेले कमाल व्होल्ट वाचावेत आणि रिसीव्हरला प्रत्यक्ष किती मिळतात ते मल्टिमीटरने मोजावे. दोन सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. थेट बॅटरीवर चालणारे सर्वो वेगळे असतात, सगळे तसे नसतात.

५) चाक वळविताना गाडी क्षणभर मरगळते किंवा रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो, तर स्पीड कंट्रोलरमधील बी.ई.सी. कमी पडते आहे. पुरेशा अँपिअरची वेगळी बी.ई.सी. लावावी.

६) पुढच्या चाकांवर पितळी वजने किंवा मोठे टायर चढविले असतील तर सर्वोही त्या ताकदीचा हवा. बैलजोडी तीच ठेवून गाडीत दुप्पट ओझे भरणे शहाणपणाचे नव्हे.

७) चालविण्याची रीत. चाक दगडात फसले असता स्टिअरिंग पूर्ण दाबून धरू नये. सोडावे, गाडी बोटभर पुढेमागे करावी, मग वळवावे. सर्वोची डबी हाताला चटका देत असेल तर खेळ थांबवावा.

काय निघाले?

त्या तरुणाची गाडी आम्ही याच क्रमाने तपासली. त्याने पुढच्या चाकांचे नवे धातूचे सांधे बसविले होते, ते पूर्वीपेक्षा लवकर टेकत होते. रिमोटची हद्द मात्र जुनीच. शिवाय नव्या कंट्रोलरवर ७.४ व्होल्टचा पर्याय निवडलेला, आणि सर्वोवर स्पष्ट छापलेले ६ व्होल्ट. म्हणजे भिंतीला धडका मारणाऱ्या माणसाला आम्ही तीन वेळा नवे डोके विकले होते!

माल खोटा नव्हता. पण आमचा हात पूर्ण स्वच्छ होता असेही म्हणता येणार नाही. विकताना आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. साडीचा पोत आणि रंग पक्का की कच्चा हे आम्ही न विचारता सांगतो, मग इथे मुके का राहिलो? तिसऱ्या सर्वोचे निम्मे नुकसान आम्ही सोसले, निम्मे त्याने. चौथा त्याच गाडीत आजही चालू आहे, आणि तो गिऱ्हाईकही आमचाच आहे.

आता आमच्या गल्ल्यावर सर्वो मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारले जातात : पहिला कसा गेला, व्होल्ट किती, आणि टोकाला गुणगुणतो का? कधीकधी उत्तर ऐकून विक्री होतच नाही. त्या दिवसाचा नफा जातो, पण गिऱ्हाईक राहते. या लाइनमध्ये उतरू पाहणाऱ्या आमच्या तरुणांनी हा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावा.