बुलढाण्याचे प्लास्टिक, खाडीचा चिखल

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथले पाणी दोन समुद्रांना मिळते. नळगंगा, ज्ञानगंगा पूर्णेत उतरतात आणि पूर्णा तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते. इथेच उगम पावणारी पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे वळते. शेतातला फाटका मल्चिंग पेपर, शॅम्पूच्या पुड्या उन्हाने तडकतात. ५ मिलिमीटरहून लहान झालेले तुकडे म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक. पुराबरोबर ते खाडीपर्यंत पोचू शकतात.

खाडीच्या चिखलात वरच्या, प्राणवायू असलेल्या थरातले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. खालच्या थरातले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. त्यामुळे खतांमधून आलेला जादा नत्र समुद्रात शिरण्याआधीच कमी होतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात खाऱ्या दलदलीच्या चिखलात प्लास्टिक मिसळून केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीव्हीसीने या दोन्ही क्रिया मंदावल्या. पॉलियुरेथेन फोम आणि पीएलए या जैवप्लास्टिकाने त्या वाढवल्या. म्हणजे प्लास्टिक चिखलात नुसते पडून राहत नाही.

बुलढाण्यातल्याच लोणार सरोवराच्या पाण्याला तर बाहेर पडायला वाटच नाही; त्यात गेलेले प्लास्टिक तिथेच साचणार. तेव्हा फाटका मल्चिंग पेपर नाल्यात लोटू नका, जाळूही नका. गोळा करून भंगारात द्या.