जुनीं पदें आणि जाणते गवई

एखादा गवई नांवारूपास आला, त्याची स्वतःची गायकी लोकांच्या कानांत बसली, आणि मग उतारवयांत तो दुसऱ्यांचीं जुनीं, साधीं पदें गाऊं लागला, म्हणजे त्याच्या चाहत्यांत हटकून दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, "बुवा थकले; आतां नवें कांहीं सुचेनासें झालें, म्हणून जुन्यावर गुजराण चालली आहे." दुसरा म्हणतो, "छे, आतां कोठें बुवांना खरें गाणें सांपडलें!" वरवर पाहतां हा वाद रिकामपणाचा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशीं एक प्रश्न आहे, व तो साधा नाहीं. जुनें पद कोणाचें? ज्यानें रचिलें त्याचें, जो तें उत्तम गातो त्याचें, कीं घरोघर जे तें गुणगुणतात त्यांचें? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहोंत.

आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचें. किराणा घराण्याचे हे थोर गायक, सवाई गंधर्वांचे शिष्य, व २००८ सालच्या 'भारतरत्न' किताबाचे मानकरी. यांचा लौकिक ख्यालगायनाचा. एकेक राग तास-तास मांडणारा हा पुरुष संगीतकार राम फाटक यांनीं चाल लाविलेला नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' हा अभंग गाऊं लागला, आणि पुढें 'संतवाणी' या नांवानें सबंध मैफलीच अभंगांच्या करूं लागला, तेव्हां श्रोत्यांचे थवेच्या थवे लोटले. पण कांहीं कपाळांना आठ्याहि पडल्या.

आक्षेप दोन बाजूंनीं येत, आणि गंमत अशी कीं ते एकमेकांच्या अगदीं उलट होते. ख्यालाचे भक्त म्हणत, "रागाचा डोंगर चढणाऱ्यानें अभंगाच्या टेकडीवर कां थांबावें? टाळ्या मिळतात म्हणूनच ना?" भजनाचे भक्त म्हणत, "अभंग हा टाळमृदंगाच्या घोषांत सर्वांनीं मिळून म्हणावयाचा. येथें एकटा गातो आणि हजार जण नुसते ऐकतात. तानेच्या लोंढ्यांत संतांचा शब्द वाहून जातो." म्हणजे एकाला त्यांत शास्त्र थोडें वाटे, तर दुसऱ्याला फार!

पहिल्या आक्षेपाचें उत्तर भीमसेनांच्या चरित्रांतच आहे. गदगच्या या मुलाला लहानपणीं वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकींमागें धांवण्याचें वेड होतें. थकून वाटेंत कोठें झोंपी गेल्यास लोकांनीं घरीं पोंचवावें, म्हणून वडिलांनीं त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असें लिहून ठेविलें होतें. १९४२ च्या सुमारास निघालेली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिकाहि कानडी व हिंदी भक्तिपदांची. तेव्हां संतवाणी ही त्यांनीं उतारवयांत धरलेली आडवाट नव्हे. ज्या दारांतून ते संगीताच्या घरांत शिरले, त्याच दाराशीं ते पुन्हां येऊन उभे राहिले. फरक एवढाच, कीं आंत शिरतांना हात रिकामे होते, आणि परततांना ओंजळ भरलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचा विचार करण्यासाठीं आपणांस मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत जावें लागेल; कारण ज्यांचा अभंग भीमसेनांनीं गायिला, त्या नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या गांवाकडे बोट दाखविते, तें नर्सी याच जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं आहे. हिंगोली हा १९९९ मध्यें परभणींतून निराळा झालेला लहानसा जिल्हा. पण संगीताच्या दृष्टीनें त्याचा पैस फार मोठा. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानितात. त्यांचे गुरु विसोबा खेचर. त्यांची भेट ज्या औंढा नागनाथास झाली असें सांगतात, तें ज्योतिर्लिंगहि याच जिल्ह्यांत. तेथील कथा वाचकांनीं ऐकिली असेल. देवळासमोर नामदेवांचें कीर्तन चालू असतां पुजाऱ्यांनीं त्यांस तेथून उठवून मागील बाजूस घालविलें; नामदेव तेथें गाऊं लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. नंदी देवासमोर नसून देवळाच्या मागें कां, याचा उलगडा भाविक लोक या कथेनें करितात. कथेचा ऐतिहासिक खरेपणा कांहींहि असो; तिचें मर्म हें कीं गाणें कोठें व कोणीं गावें हें ठरविण्याचा अधिकार दाराशीं उभ्या असलेल्या रखवालदाराला नाहीं. जेथें जीव ओतून गाणें चालतें, तेंच समोर.

हेंच नामदेव पुढें उत्तरेंत गेले, आणि पंजाबांत त्यांचीं पदें रुजलीं. शिखांच्या धर्मग्रंथाची पहिली संहिता १६०४ मध्यें सिद्ध झाली. त्या ग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. तीं विषयवार नसून रागवार लाविलेलीं आहेत, म्हणजे कोणतें पद कोणत्या रागांत गावयाचें तें ग्रंथच सांगतो. म्हणून शीख यात्रेकरू आजहि नर्सीस येतात, आणि म्हणूनच २०१५ मध्यें आपलें मराठी साहित्य संमेलन पंजाबांतील घुमान येथें, नामदेवांच्या दुसऱ्या कर्मभूमींत, भरलें. तेव्हां संतांची वाणी रागांत बांधली कीं बाटते, असें म्हणणाऱ्यांनीं या चारशें वर्षांच्या वहिवाटीकडे अवश्य पाहावें. दिंडींत ती टाळावर चालते, दरबारसाहेबांत रागावर चालते. दोन्हीकडे ती नामदेवांचीच राहते.

ती तशी कां राहते, याचें कारण अभंगाच्या घडणींत आहे. मोठ्या अभंगाच्या एका चौकांत चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरें, चौथ्यांत चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या अंतीं यमक. सांचा इतका सुटसुटीत, कीं एका अभंगाची चाल दुसऱ्यास सहज लागते आणि निरक्षर माणसाच्याहि तो जिभेवर बसतो. जो सांचा सर्वांना वापरतां येतो, त्यावर एका घराण्याचा किंवा एका फडाचा कबजा कसा राहील?

असाच एक सांचा आणि असाच एक वाद परदेशींहि आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, मिसिसिपी नदीच्या परिसरांतील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांत 'ब्लूज' या नांवाचें गाणें जन्मलें. हे लोक एके काळच्या गुलामांचे वंशज. गाण्याचा सांचा बारा मात्राखंडांचा: पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिचा निकाल लावावयाचा. साथीला गिटार, किंवा तोंडानें वाजवावयाचा बाजा. पोटासाठीं हे लोक शिकागोसारख्या शहरीं गेले, तेव्हां हें गाणेंहि त्यांच्याबरोबर गेलें. आणि तेथल्या ध्वनिमुद्रिका समुद्र ओलांडून लंडनमधील कांहीं पोरांच्या हातीं लागल्या. या पोरांनीं १९६२ मध्यें आपला ताफा काढिला, आणि मडी वॉटर्स या ब्लूजगायकाच्या एका पदावरून त्याचें नांव ठेविलें 'रोलिंग स्टोन्स'. आरंभीं ते बहुतेक दुसऱ्यांचींच पदें गात. १९६४ च्या अखेरीस त्यांनीं गायिलेलें 'लिटल रेड रूस्टर' हें ब्लूज पद इंग्लंडांत पहिल्या क्रमांकास चढलें. पुढें ते आपलीं पदें रचूं लागले, जगभर गाजले. २००३ मध्यें मुंबईसहि गाऊन गेले.

याच ताफ्यानें डिसेंबर २०१५ मध्यें लंडनला, नव्या पदांचें काम अडलें असतां, हात मोकळे करण्यासाठीं एक जुनें ब्लूज पद वाजविलें; तें रंगलें, आणि तीन दिवसांत अशीं बारा पदें मुद्रित झालीं. 'ब्लू अँड लोनसम' हा संग्रह डिसेंबर २०१६ मध्यें निघाला. २००५ नंतर अकरा वर्षांनीं आलेल्या संग्रहांत त्यांचें स्वतःचें एकहि पद नव्हतें! चाहत्यांत तोच वाद पेटला. "आटले," असें एक म्हणे. "घरीं आले," असें दुसरा म्हणे. २०१८ मध्यें त्यास पारंपरिक ब्लूजचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. आणि आटले म्हणणाऱ्यांना त्यांनींच २०२३ मध्यें उत्तर दिलें: 'हॅकनी डायमंड्स' हा नव्या पदांचा संग्रह काढिला, व त्याच्या अगदीं शेवटीं ज्या पदावरून आपलें नांव घेतलें तें मडी वॉटर्सचें पद गायिलें.

आम्हांस या प्रकरणांत एक हिशेब विशेष बोलका वाटतो. 'लिटल रेड रूस्टर' हें पद हाउलिन वुल्फ या गायकानें १९६१ मध्यें गायिलें तेव्हां तो ५१ वर्षांचा, संसाराचे टक्के खाल्लेला माणूस होता. तीन वर्षांनीं तेंच पद गाणारा मिक जॅगर अवघा २१ वर्षांचा. त्या वयांत तें सोंगच ठरणार. मग कितीहि गोड वठो! २०१५ मध्यें तो ७२ वर्षांचा होता. आतां पदाचें वय आणि गाणाऱ्याचें वय यांची गांठ पडली. जाणता गवई जुन्या पदाकडे परततो तो नेहमीं थकून परततो असें नाहीं. कधीं कधीं त्या पदाएवढा होऊन परततो.

परंतु ऋणाचा प्रश्न राहतोच. मे १९६५ मध्यें अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमास बोलावणें आलें, तेव्हां या तरुणांनीं हाउलिन वुल्फलाहि आणण्याचा आग्रह धरिला, आणि तो गात असतां त्याच्या पायांशीं बसून ऐकिलें. हें शोभलें. उलट, रॉबर्ट जॉन्सन हा थोर ब्लूजकार १९३८ मध्यें ऐन सत्ताविसाव्या वर्षीं वारला. त्याचें एक पद या ताफ्यानें १९६९ मध्यें मुद्रित केलें, तेव्हां तबकडीवर रचनाकार म्हणून त्याचें नांव न छापतां भलतेंच नांव छापलें गेलें. त्याच्या पदांवरील हक्क अजून जिवंत आहे, असा निर्णय अमेरिकेच्या न्यायालयाकडून मिळण्यास २००० साल उजाडावें लागलें.

येथें आपल्या संतांच्या शहाणपणाचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. त्यांनीं नांव मुखपृष्ठावर ठेविलें नाहीं, पदाच्या आंतच विणलें. 'नामा म्हणे' ही मुद्रा अभंगाच्या शेवटीं येते, ती अक्षरांच्या मोजणींत बसलेली असते, व सहजासहजीं काढतां येत नाहीं. सातशें वर्षांत लाखों कंठांनीं हे अभंग गायिले. पण गाणारा कितीहि मोठा असो, शेवटीं त्याला आपल्या तोंडानें कबूल करावें लागतें कीं हें माझें नव्हे, नाम्याचें आहे. न्यायालयाविना चालणारी अशी व्यवस्था दुसरी क्वचितच असेल!

मग भजनी मंडळींच्या त्या आक्षेपाचें काय? आमच्या मतें त्यांतील अर्धा भाग टिकत नाहीं, आणि अर्धा टिकतो. तानेनें शब्द बुडतो कीं तरंगतो, हें गाणाऱ्याच्या जाणतेपणावर अवलंबून आहे. कुमार गंधर्वांनीं बालगंधर्वांचीं पदें गाण्याचा कार्यक्रम केला, त्यास 'मला उमजलेले बालगंधर्व' असें नांव दिलें. 'उमजलेले' या एका शब्दांत सर्व आलें. नक्कल करणारा म्हणतो, हुबेहूब ऐका. जाणता म्हणतो, मला कळलें तें ऐका. जुन्या पदाकडे परतणाऱ्या प्रत्येक गवयास हीच कसोटी लावावी. त्याच्या उमजेनें पदाचा एखादा शब्द आपल्याला नव्यानें कळला, तर त्याचें परतणें सार्थ. न कळला, तर टाळ्या कितीहि पडोत, ती गुजराणच.

टिकणारा अर्धा भाग आपल्या घरांचा आहे. भीमसेनांची तबकडी आली, फीत आली, आतां तर खिशांतल्या यंत्रांत अवघी संतवाणी मावते. आणि ज्या ओसरीवर सायंकाळीं दहा माणसें बेसूर कां होईना पण मिळून अभंग म्हणत, तेथें दहाहि जण आतां ऐकत बसतात. याचा दोष आम्ही गवयास देत नाहीं. उत्तम स्वयंपाकी गांवांत आला म्हणून आपण घरची चूल विझविली, तर अपराध स्वयंपाक्याचा कसा? एकत्र कुटुंबांत आज आजींना अभंग मुखोद्गत असतात, वडिलांपाशीं भीमसेनांच्या मैफलींचा सांठा असतो, आणि नातू गिटार घेऊन परदेशीं पदें छेडीत असतो. तिघे तीन खोल्यांत राहिले, तर हा वाद कायमचा राहील. आजींनीं एक अभंग म्हणावा, तोच मग भीमसेनांचा लावावा, आणि नातवास त्या सांच्यांतील अक्षरें मोजावयास सांगून त्याच्या गिटारीवर बसवावयास द्यावा. पद कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर तिघांनाहि मिळेल.

एकच पथ्य पाळावें. वेळ थोडा आहे म्हणून शेवटचा चरण गाळण्याची संवय हल्लीं फार झाली आहे. तो मात्र गाळूं नये. ऋण फेडण्याची जागा तीच आहे.