गाडीतला कुबट वास आणि छातीतली घरघर

पावसाळा सरला की गाद्या-गोधड्या उन्हात टाकायची आपली जुनी रीत आहे. पण चार महिने ठिबकत राहिलेल्या गाडीला ऊन दाखवावे, हे फारसे कुणाच्या मनात येत नाही. दार उघडले की कुबट वास येतो. त्यावर उपाय म्हणून आरशाला सुगंधी पुडी टांगली जाते आणि मंडळी काचा लावून यात्रेला निघतात. दोन तासांनी मागच्या सीटवरचे मूल शिंकू लागते, आजोबांना ढास लागते आणि दोष जातो तो वाऱ्याला, नाहीतर वाटेत घेतलेल्या ताकाला.

तो कुबट वास म्हणजे बुरशीची वर्दी असते. जीप, मिनीबस किंवा हल्ली दिसू लागलेली झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली कॅरॅव्हॅन (महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही आणले), या सगळ्यांची घडण बुरशीच्या सोयीची. आत फोमची सीट, खाली प्लायवूड, त्यावर जाड मॅट आणि सगळे बंद. छताचे सांधे, खिडकीचे रबर, कॅरियरचे स्क्रू यांतून थेंब थेंब पाणी आत येते आणि मॅटखाली साचते. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर तेही पायाशीच उतरते. ओल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. वरून मॅट कोरडी दिसते, म्हणून फसायला होते. संशय असेल तर रात्री मॅटखाली रद्दीचे कागद पसरून ठेवावेत. सकाळी दमट निघाले तर पाणी कुठून येते ते शोधावे. प्लायवूड अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागले तर ते कुजले आहे असे समजावे.

बुरशीचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत. गाडी हादरली, पंखा सुरू झाला की ते हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. निरोगी माणसाला त्यांचा बहुधा फारसा त्रास होत नाही. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांना शिंका, नाक गळणे, डोळ्यांना खाज, आणि दमेकऱ्याला धाप. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, तीत ओलसर जागी राहणाऱ्यांत खोकला, घरघर आणि दम्याचे प्रमाण जास्त आढळते, असे स्पष्ट म्हटले आहे. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत अॅस्परजिलस नावाची बुरशी ठाण मांडते. दमा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडतात. हा आजार क्षयासारखा भासतो, म्हणून तपासणी न करता क्षयाची औषधे सुरू करू नयेत.

त्रास गाडीचाच आहे हे ओळखावे कसे? गाडीत बसल्यावर वाढतो आणि चार दिवस गाडीपासून दूर राहिल्यावर उतरतो, तर संशयाला जागा आहे. ड्रायव्हर मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यांचा निम्मा दिवस त्याच हवेत जातो.

ओलीचा आणखी एक उपद्रव अमेरिकेत दिसून आला. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळाने बेघर झालेल्या कुटुंबांना तिथल्या सरकारने चाकांवरची घरे दिली. राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, खोकला सुटेना. पुढे ५१९ घरांची हवा तपासली, तेव्हा प्लायवूडच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त निघाले. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू अधिक सुटतो. नवी कोरी कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ते याचसाठी.

आता सफाई. आधी गळती बंद करावी, नाहीतर पुढचे सारे कष्ट वाया जातात. मग मॅट आणि सीट बाहेर काढून, दारे उघडी टाकून कडक ऊन द्यावे. बुरशी कोरडी झाडू नये, कण उडतात. साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी. हातात रबरी मोजे आणि तोंडाला एन-९५ मास्क हवा. हे काम दमेकऱ्याने करू नये. पत्रा, काच, प्लास्टिक धुऊन निघते. काळा पडलेला फोम निघत नाही, तो टाकूनच द्यावा. खर्चाला मन धजत नाही हे खरे, पण वरचे कव्हर बदलून आतला फोम तसाच ठेवणे म्हणजे मळक्या अंगावर नवा सदरा.

ब्लीचिंग पावडर वापरणारच असाल तर ती अॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गाडीत तो जिवावर बेततो. वास मारायला उदबत्ती किंवा धूप लावणे म्हणजे दम्याला आमंत्रण. डांबरगोळ्या तर तान्ह्या बाळाजवळ नकोतच. जी–६–पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांचे रक्त त्यांच्या वाफेनेही फुटू शकते, आणि ही कमतरता आई-बापांना बहुधा ठाऊकच नसते.

सर्वांत घातक म्हणजे आत कोळशाची शेगडी ठेवून ओल वाळवणे, किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही.

गाडीत पुराचे पाणी शिरले असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला शेकडो गाड्या बुडाल्या. अशा पाण्यात गटार आणि उंदरांचे मूत्र असते, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. चिखल काढताना गमबूट आणि मोजे घालावेत, पायाला जखम असेल तर उतरूच नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का ते पाहावे. त्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे यांपैकी काही झाले तर डॉक्टरांना पुरात गाडी साफ केल्याचे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळी मिळते, पण ती आपल्या मनाने घेऊ नये. कावीळ दिसू लागली किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.