झऱ्याचं मूळ पाण्यातच सापडतं

काश्मीरमधल्या अनंतनाग जिल्ह्यातले अच्छबल आणि कोकरनाग हे झरे चुनखडकातून उसळतात. भेगा-विवरांतून वाहणाऱ्या या पाण्याचा माग वरच्या उतारावरून लागत नाही. पाणीच तपासावं लागतं. त्यातलं कॅल्शियम चुनखडकाची, तर वाढलेलं मॅग्नेशियम डोलोमाइट खडकाची वाट सुचवतं. उगमाचा अंदाज ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकावरून येतो. उंचावरच्या पावसा-हिमात तो कमी असतो. झऱ्यातही कमी आढळला, तर पाणी उंचावर मुरलेलं असण्याची शक्यता बळावते. बाष्पीभवनानं ऑक्सिजन-१८चं प्रमाण वाढतं, मग भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण बाष्पीभवनामुळे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांचं नेहमीचं परस्परनातं बिघडतं. दोन्ही मोजले की फरक उमगतो. म्हणून झऱ्याच्या संरक्षणाची हद्द आखण्याआधी ही तपासणी व्हायला हवी.