अंतर नव्हे, हालचाल

स्थायूतले कण चिकटून, द्रवातले जरा दूर आणि वायूतले फार दूर, हे ठिपक्यांचे चित्र शाळेत मनावर ठसते. ते अपुरे आहे. बर्फ पाण्यावर तरंगतो, कारण त्यातले रेणू पाण्यातल्यापेक्षा अधिक ऐसपैस मांडलेले असतात. तरीही बर्फ स्थायू आणि पाणी द्रव. म्हणजे अवस्था नुसत्या अंतरावरून ठरत नाही. रेणूंना हालचालीची मोकळीक किती, यावरून ती ठरते. बर्फातला रेणू शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, पण निश्चल नसतो. जागच्या जागी अखंड थरथरत असतो. पाण्यात तो एका शेजाऱ्याला सोडून दुसऱ्याला धरतो, म्हणून पाणी वाहते. वाफेत परस्परांची ओढ जवळजवळ निष्प्रभ होते. 100 अंश सेल्सिअसला 1 लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते. रेणू मात्र तेच आणि तेवढेच.

इथे एक आक्षेप रास्त आहे. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप, आणि वितळता बर्फ व त्याचे पाणी दोन्ही 0 अंशालाच असतात. मग गतीने फरक पडला कुठे? फरक गती आणि ओढ यांच्या झुंजीत पडतो. 1 ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 ज्यूल उष्णता लागते आणि तेवढ्या वेळात तापमापी हलत नाही, कारण ती उष्णता बंध सैल करण्यात खर्ची पडते. उकळत्या पाण्याची वाफ व्हायला तर 1 ग्रॅमला सुमारे 2,257 ज्यूल लागतात. तेच पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला जेमतेम 420 पुरतात. एकाच खोलीत, एकाच तापमानाला लोखंड स्थायू, पाणी द्रव आणि ऑक्सिजन वायू असतो, तेही ओढ कमीजास्त असल्यामुळेच.

पण न दिसणाऱ्या रेणूंवर विश्वास का ठेवायचा? विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखा मोठा रसायनशास्त्रज्ञही हेच विचारत होता, आणि पुराव्याचा हट्ट धरणे विज्ञानाला शोभणारेच होते. रॉबर्ट ब्राऊन यांनी 1827 मध्ये परागकणांमधून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात सतत भिरभिरताना पाहिले होते. ही भिरभिर रेणूंच्या धडकांमुळे होते, हे आइनस्टाइन यांनी 1905 मध्ये गणिताने मांडले आणि झाँ पेराँ यांनी प्रयोगांत मोजून ते गणित खरे ठरवले. अखेर 1909 मध्ये ऑस्टवाल्ड यांनी रेणूंचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले.